राज्यशास्त्र घेऊन काय करणार?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी पुतणी बी.ए. झाली आणि तिने घरात सांगितले, ‘मला राज्यशास्त्रात एम.ए. करायचंय.’ त्या वेळी शेजारचे एक निवृत्त गुरुजी चहाला आले होते. ते म्हणाले, ‘राज्यशास्त्र घेऊन काय करणार? पुढारी होणार का?’ सगळे हसले. पुतणी हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘चाचा, तुम्हीपण राज्यशास्त्रच घेतलं होतं ना? तुम्ही काय केलं?’

मी काय केले? पोस्टात कारकुनी केली आणि मराठीत कविता लिहिल्या. बी.ए.ला राज्यशास्त्र घेतले, कारण आमच्या कॉलेजात तो विषय होता आणि मार्गदर्शिका स्वस्त मिळे. पुढे शिकायचे तर औरंगाबादला जाऊन राहायला हवे होते, आणि घरात तेवढा पैसा नव्हता. परीक्षेपुरते संयुक्त राष्ट्रसंघाची अंगे पाठ केली, सुरक्षा समितीचे पाच कायम सदस्य पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. त्या समितीपुढे कधी काळी आपल्याच भागाचा प्रश्न गेला होता, हे मला वर्गात कुणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

त्या दिवशी पुतणीला उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेलो, म्हाताऱ्या माणसांना विचारत गेलो, तेव्हा लक्षात आले, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंत कागदोपत्री ज्याला उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्यात, गुरुजींच्या या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. राजकारण आणि कायदा शिकलेली माणसे इथे आली, इथून गेली. त्या शिक्षणाचे त्यांनी काय केले, याचे बरेवाईट परिणाम आपल्या आज्या-आजोबांनी भोगले. मी इतिहासकार नाही. पण ज्या घरावरून हा इतिहास गेला, त्या घरातला आहे. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

सुरुवात थोडी लांबून करतो. आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयाचा जगातला पहिला विद्यापीठीय विभाग १९१९ साली निघाला. तो लंडनला निघाला नाही, पॅरिसलाही नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये समुद्रकाठी ॲबरिस्टविथ नावाचे लहानसे गाव आहे, तिथे तो निघाला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. त्या कॉलेजातून लढाईवर गेलेली कितीतरी मुले परत आली नव्हती. डेव्हिड डेव्हिस नावाच्या खासदाराने आणि त्याच्या दोन बहिणींनी त्या मुलांच्या स्मरणार्थ वीस हजार पौंड दिले. देशादेशांचे संबंध का बिघडतात आणि ते कसे सांधता येतील, याचा अभ्यास व्हावा, ही त्यामागची इच्छा. म्हणजे हा विषय नोकरीसाठी जन्मला नाही. परत न आलेल्या पोरांच्या दुःखातून तो जन्मला.

योगायोग असा, की त्याच १९१९ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याचे नाव आणि विद्यापीठाचे नाव, दोन्ही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. मराठवाड्यातल्या मुलाने मॅट्रिक केले, की पुढे औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज, तेही १९२३ पासूनचे. पदवी हवी तर हैदराबाद गाठायचे. ज्यांचे नातेवाईक इंग्रजी मुलखात होते ते सोलापूर-पुण्याला जात. बाकीचे घरी बसत.

उस्मानियात शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ नावाचे भाषांतराचे स्वतंत्र खाते १९१७ मध्येच निघाले होते. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, विज्ञान अशा विषयांवरचे ग्रंथ तिथे उर्दूत आले. राज्यशास्त्राला उर्दूत ‘सियासियात’ म्हणतात. आपल्या देशातल्या भाषेत पदवीपर्यंत शिकवता येते, हे त्या विद्यापीठाने करून दाखवले, ही मोठीच गोष्ट होती. पण राज्यातली बहुसंख्य माणसे तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. आपल्याच राज्याचा कारभार त्यांच्या मुलांना दुसऱ्याच्या भाषेत समजून घ्यावा लागे. मी घरात दखनी बोलतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे मला यातला आनंदही कळतो आणि सलही कळतो.

तिथले शिक्षक मात्र नामवंत होते. इतिहास आणि राज्यशास्त्र विभागाचे प्रमुख हारून खान शेरवानी हे मुस्लिम राजकीय विचारांचे आणि दख्खनच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला डॉ. मुहम्मद हमीदुल्ला होते. जन्म हैदराबादचा, १९०८ चा. जर्मनीतले बॉन आणि पॅरिसमधले सोरबोन, अशा दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट घेऊन ते परतले होते. राज्याराज्यांनी एकमेकांशी युद्धात आणि शांततेत कसे वागावे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे गाव आहे. तिथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. त्या शाळेवर १९२९ मध्ये एक तरुण मुख्याध्यापक आला. व्यंकटेश खेडगीकर हे त्याचे नाव. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून त्याने एम.ए. केले होते. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर राज्यशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. त्याने मुंबई-पुण्याची कामे सोडली आणि हिप्परग्याच्या पोरांना शिकवायला घेतले. १९३२ च्या संक्रांतीला त्याने इथेच संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेस, तुरुंगवास, मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला त्यातला हिप्परग्याचा भाग जास्त जवळचा वाटतो. लोकशाहीवर प्रबंध लिहिलेल्या माणसाला पहिला वर्ग मिळाला तो खेड्यातला.

याच जिल्ह्याने दुसरा एक शिकलेला माणूसही पाहिला. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ऑगस्ट १९८२ मध्ये ते वेगळे झाले. त्या लातुरात कासीम रझवी वकिली करत असे. तो अलीगढला शिकलेला होता. पुढे तो इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांचा सेनापती म्हणून मिरवू लागला. त्याच्या भाषणांनी किती घरे पेटली, हे सांगायला नको. ज्यांच्या नावाने तो बोलत होता त्या मुसलमानांनाही शेवटी त्याची किंमत मोजावी लागली. तो स्वतः १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि सुटल्यावर पाकिस्तानात निघून गेला. इथले आम्ही इथेच राहिलो.

एकाच जिल्ह्यातले हे दोन सुशिक्षित. दोघांनी पुस्तके वाचली होती. म्हणून ‘शिकला की माणूस सुधारतो’ असे मी पटकन म्हणत नाही. शिकून माणूस दुसऱ्याचे ऐकू लागतो की नुसते स्वतःचेच मोठ्याने बोलतो, ते पाहावे लागते.

विद्यार्थीही तेव्हा गप्प नव्हते. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हटले. त्यावर बंदी आली. मुलांनी ती मानली नाही आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्या गीताविषयी माझ्या समाजात वेगळी मते आहेत, ती मला माहीत आहेत. पण मुलाने काय म्हणावे आणि काय नाही हे हुकमाने ठरवायचे का, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. नागपूर विद्यापीठाने यातल्या अनेकांना आपल्याकडे प्रवेश दिला. त्यांतच पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांना मराठी उत्तम येई. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. शिक्षणातून काढलेला हा विद्यार्थी १९८० मध्ये देशाचा परराष्ट्रमंत्री झाला आणि १९९१ मध्ये पंतप्रधान. एका विद्यापीठाने दार लावले आणि दुसऱ्याने उघडले, तर एवढा फरक पडू शकतो.

मग १९४८ उजाडले. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते आणि हैदराबादचा प्रश्न तसाच होता. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रारीची तार केली. आणि त्याच रात्री हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर घरी परतताना हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते वारले. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे ते उघडपणे लिहीत होते. तेही उस्मानियाचेच पदवीधर. एका बाजूला जगाकडे न्याय मागणारी तार आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच शहरात न्यायाचे बोलणाऱ्या संपादकाचा खून. त्या एका रात्रीत त्या राजवटीची सगळी गोष्ट आली.

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा राज्यात शिरल्या. मुख्य फळी सोलापूरहून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली आली आणि तिच्या वाटेवरचे पहिले मोठे ठाणे होते आपले नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल आणि किल्ला पहिल्याच दिवशी हाती आला. पाच दिवसांत सगळे संपले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस आज आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. मीही करतो. लहानपणी शाळेच्या प्रभातफेरीत झेंडा धरून पुढे मीच असे.

इकडे नळदुर्गाच्या रस्त्यावर रणगाड्यांच्या साखळ्यांचे ठसे ओले असताना तिकडे पॅरिसमध्ये १६ सप्टेंबरला सुरक्षा समितीची बैठक भरली. विषय होता हैदराबादचा प्रश्न. भारताची बाजू सर रामस्वामी मुदलियार यांनी मांडली, हैदराबादची नवाब मोईन नवाज जंग यांनी. हैदराबादच्या शिष्टमंडळात आपल्या औरंगाबादचे दलित पुढारी बी. श्यामसुंदर होते आणि कायद्याचे जाणकार म्हणून डॉ. हमीदुल्ला. दुसऱ्याच दिवशी निजाम शरण आले आणि सप्टेंबर संपायच्या आत त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. मे १९४९ मध्ये समितीत त्यावर शेवटची चर्चा झाली. पण निकाल असा लागलाच नाही. त्यामुळे ‘हैदराबादचा प्रश्न’ हे कलम समितीच्या प्रलंबित विषयांच्या यादीत पुढे अनेक दशके तसेच छापले जात राहिले.

डॉ. हमीदुल्ला परतलेच नाहीत. ज्या राज्याची बाजू मांडायला गेले ते राज्यच राहिले नव्हते. पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून त्यांनी कितीतरी दशके काढली. तिथे संशोधन केले, कुराणाचा फ्रेंच अनुवाद केला आणि २००२ मध्ये अमेरिकेत वारले. राज्याराज्यांचा कायदा शिकवणारा प्राध्यापक कुठल्याच राज्याचा राहिला नाही. त्यांची भूमिका मला पटत नाही. मी भारताचा आहे आणि भारतात हे राज्य आले ते योग्यच झाले, असे मानतो. पण पुस्तकात ‘निर्वासित’ शब्दाची व्याख्या वाचताना मला हमीदुल्ला आठवतात.

आता अवघड भाग. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी गावोगाव लूट केली, खंडणी घेतली, माणसे मारली. पोलीस ॲक्शननंतर सूड सुरू झाला आणि तो ज्यांनी काही केले नव्हते अशा मुसलमानांवरही उगवला गेला. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्यात फिरले. नऊ जिल्हे पाहिले, शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले, ते म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पहिले नाव आपले. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद आहे. आणि हेही लिहिले आहे, की कितीतरी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आडवे उभे राहिले.

हा अहवाल सरकारने छापला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो आला तेव्हा सगळ्यांना वाचायला मिळाला. तोवर आपल्या जिल्ह्याचा अभ्यास दुसरीकडे होत होता. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनडाच्या अभ्यासकाने १९५० मध्येच हैदराबादच्या मुसलमानांवर लेख लिहिला. टेलर शर्मन यांचे इंग्रजी पुस्तक २०१५ मध्ये आले, सुनील पुरुषोत्तम यांचे २०२१ मध्ये. चांगलीच कामे आहेत. पण लंडन-अमेरिकेच्या ग्रंथालयात आपल्या तालुक्याचे नाव सापडते आणि आपल्या कॉलेजातल्या मुलाला ते ठाऊक नसते, हे बरे दिसत नाही. नरहर कुरुंदकरांनी हैदराबादच्या प्रश्नावर मराठीत लिहून ठेवले. ते वाचत मी मोठा झालो. पण कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, आणि एका माणसाने किती लिहावे?

विद्यापीठ आपल्याकडे उशिरा आले. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तोवर मराठवाड्यातली कॉलेजे उस्मानियालाच जोडलेली होती. त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यायचे ठरले तेव्हा, १९७८ मध्ये, दलित वस्त्या जळाल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. विद्यापीठ म्हणजे राजकारणाबाहेरची जागा नव्हे, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. २००४ मध्ये त्याच विद्यापीठाचे उपकेंद्र आपल्या गावी आले. आता मुलींना पुढच्या शिक्षणासाठी प्रत्येक वेळी दोनशे-अडीचशे किलोमीटर जावे लागत नाही.

माझी पुतणी शेवटी एका मोठ्या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात गेली. सुट्टीत आली की मी तिला विचारत असे, तिथे करता तरी काय? तिने सांगितलेले ऐकून मला नवल वाटले. आमच्या वेळी राज्यशास्त्र म्हणजे वहीत उतरवून घ्यायचे, एवढेच होते. हिच्या वर्गात युवा संसद भरते. सुरक्षा समितीची लुटुपुटीची बैठक भरते आणि ज्या देशाचे धोरण तुम्हाला पटत नाही, नेमका तोच देश शिक्षक तुम्हाला देतात. त्या देशाच्या वतीने बोला म्हणतात. निवडणुका आल्या की मुले सर्वेक्षणाला जातात. दिल्लीच्या ‘लोकनीती’सारख्या संस्था देशभर असे अभ्यास करतात, त्यात विद्यापीठांतली मुले घरोघर फिरतात. मतदाराला खोटी मतपत्रिका देतात, ती तो आपल्या हाताने पेटीत टाकतो, कुणाला मत दिले हे विचारणाऱ्यालाही दिसत नाही. पुतणी म्हणाली, ‘चाचा, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचं नसतं, त्यांना ते देता येईल असं बसायचं असतं.’ मी तीस वर्षे खिडकीमागे बसून लोकांशी बोललो, मला हे सुचले नव्हते.

संधींचे म्हणाल तर खोटे सांगणार नाही. सेट-नेट आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्यातून कुणी परराष्ट्र सेवेतही जाते. वर्तमानपत्रे, सर्वेक्षण संस्था, स्वयंसेवी संस्था आहेत. पण जागा थोड्या आणि मुले फार. माझी पुतणी सेट झाली आणि आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पगार महिन्याला येईलच असे नाही. गुरुजींचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

तरीही त्या शिक्षणाने आमच्या घरात एक गोष्ट घडली. तिच्यासाठीच आज इतके बोललो.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तिला लघुप्रबंध लिहायचा होता. तिने विषय घेतला, १९४८ आणि आपले गाव. मी म्हणालो, ‘नको बाळ, दुसरा घे.’ भाऊ म्हणाला, ‘जखमा कशाला उकरायच्या?’ माझे अब्बा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. १९४८ मध्ये ते बारा वर्षांचे होते. नळदुर्गजवळच्या एका गावात माझे आजोबा बांगड्या विकत. गावातल्या प्रत्येक घरच्या लेकीसुनांनी त्यांच्यापुढे हात धरलेला. फौज येऊन गेल्यावर गावात बाहेरचा जमाव आला, तेव्हा समोरच्या वाड्यातल्या आक्कांनी आजीला आणि अब्बांना आपल्या घरातल्या बळदात लपवले. ज्वारीवर बसून त्यांनी दोन रात्री काढल्या. आजोबा परगावी होते म्हणून वाचले. अब्बांचे थोरले भाऊ, एकोणीस वर्षांचे, बाजाराला गेले होते. ते परत आले नाहीत. यापलीकडे अब्बा कधी बोलले नाहीत. मी कवी, घरातली सगळी दुःखे कागदावर मांडली, पण हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

पुतणी त्यांच्यासमोर वही घेऊन बसली. वहीच्या पानावर तिच्या शिक्षकांनी शिकवल्याप्रमाणे तीन रकाने आखले होते. स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, कागदावर सापडलं. अब्बांनी ते रकाने विचारून घेतले. बराच वेळ गप्प बसले. मग दखनीत म्हणाले, ‘पैले उनका लिक, बाद में अपना.’ आधी त्यांचे लिही, मग आपले.

मग त्यांनी आक्कांच्या घरचे सांगितले. फौज येण्याच्या चार महिने आधी रझाकारांनी तो वाडा लुटला होता. आक्कांचे यजमान दारात आडवे झाले आणि त्यांना तिथेच मारले. अब्बांनी ते समोरच्या ओट्यावरून पाहिले होते. म्हणजे आमच्या धर्माचे नाव घेऊन आलेल्या माणसांनी जिचा नवरा मारला, तिनेच चार महिन्यांनी आम्हाला बळदात लपवले. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. आम्हाला फक्त बळद माहीत होते.

पुतणी आक्कांच्या नातवाकडे गेली. पहिल्यांदा त्यांनी चहा पाजून परत पाठवले. तिसऱ्या खेपेला त्यांनी दाराच्या चौकटीवरची कुऱ्हाडीची खूण दाखवली. त्यांना त्यांच्या आजीने उलटेच सांगितले होते, फक्त लुटीचे. बळदाचे त्यांना ठाऊक नव्हते. दोन्ही घरांकडे अर्धी-अर्धी गोष्ट होती. पुतणीने ती एका वहीत आणली. जे पाहिले ते पाहिल्याच्या रकान्यात, जे ऐकले ते ऐकल्याच्या. थोरल्या काकांचे काय झाले ते कळले नाही, तर तिथे तिने काही लिहिले नाही, रकाना रिकामा ठेवला. मी म्हणालो, ‘निदान अंदाज तरी लिही.’ ती म्हणाली, ‘अंदाज कविता लिहिणाऱ्यांनी करावा, चाचा.’

लघुप्रबंधाच्या शेवटी गावात त्या वर्षी गेलेल्या माणसांची यादी आहे. रझाकारांनी मारलेले आणि नंतरच्या सुडात गेलेले, सगळे अकारविल्हे एकाच पानावर. आक्कांच्या यजमानांचे नाव आहे, माझ्या काकांचेही आहे. मधे फक्त दोन नावे. अब्बांना चष्मा लावूनही मराठी नीट वाचता येत नसे, म्हणून मी ती यादी त्यांना वाचून दाखवली. काकांचे नाव आले तेव्हा ते म्हणाले, ‘परत वाच.’ मी परत वाचले. मग म्हणाले, ‘आता आक्काच्या माणसाचं वाच.’

पुढच्याच वर्षी अब्बा गेले. मातीला आक्कांच्या घरची माणसे आली होती.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींनी राज्यशास्त्र घ्यावे की नाही, हे ज्याने-त्याने आपली परिस्थिती पाहून ठरवावे. पण घेतलेच, तर जगाच्या नकाशाबरोबर आपल्या गावाचाही नकाशा घेऊन बसावे. नव्वदीतली माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसायला फी लागत नाही. वहीला तीन रकाने आखायचे आणि आधी समोरच्या घरचे विचारायचे.

गुरुजी अजून चहाला येतात. परवा त्यांनी त्यांच्या नातवाला माझ्या पुतणीकडे पाठवले. त्याला राज्यशास्त्रातच एम.ए. करायचे आहे म्हणे. तिने त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘तुझ्या आजोबांना १७ सप्टेंबरचं काय आठवतं?’ त्याने अजून विचारलेले नव्हते.